आधी माझ्या नावचं खातं

क्षमेवरची प्रवचनं मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण ती ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर कायम दुसरंच कुणीतरी असायचं. पाळकसाहेब "क्षमा करा" म्हणाले की माझ्या मनात लगेच यादी सुरू, कुणाकुणाला करायचीय त्याची. मला स्वतःला देवानं किती आणि कशाकशाची क्षमा केलीय ही यादी काढायचं कधी डोक्यातच आलं नाही. गेल्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, हे सगळं उलटं झालं. ते कसं झालं ते लिहितेय, कारण आमच्या महिला मंडळातल्या दोघीतिघींनी विचारलं की आक्काशी तू परत बोलायला लागलीस ते नेमकं कशानं.

थोडं आधीचं सांगते. आमचं घराणं कोल्हापूरच्या जुन्या ख्रिस्ती मंडळीतलं. रेव्हरंड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि इथलं मिशनचं काम सुरू झालं, त्या कामातनं जी घरं ख्रिस्ती झाली त्यांतलं एक आमचं. आजी शब्बाथशाळा, म्हणजे मुलांची रविवारची बायबलची शाळा, घ्यायची, आई महिला मंडळात, मी पोरवयापासून क्वायरमध्ये. चर्चमधला तिसरा बाक आमचाच असल्यासारखं सगळे वागायचे आणि आम्हीही. हे चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, त्या जुन्या माणसांनी खूप सोसलंय. पण त्याचा एक परिणाम माझ्यावर असा झाला की आपण पापी आहोत हे मी प्रार्थनेत दर रविवारी म्हणायचे आणि मनापासून मात्र कधीच मानलं नव्हतं.

आणि आक्काचं. आई शेवटची काही वर्षं अंथरुणावर होती, माझ्याकडंच. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, सकाळी आईचं सगळं आवरून कामावर, संध्याकाळी परत तेच. आक्का इचलकरंजीला, तिचं येणं-जाणं कमी. आईची माती झाली आणि त्याच आठवड्यात आक्का नातेवाइकांत म्हणाली की हिनं आईची पेन्शन खाल्ली. जन्मभर दुसऱ्यांचे हिशोब पैशापैशाला जुळवत आलेल्या बाईला हे ऐकायला लागलं. माझ्याकडं वही होती, औषधं, डायपर, रात्रीची बाई, सलाइनवाला, सगळं तारखेनिशी. ती वही मी कपाटात वरच्या खणात ठेवली होती, एक दिवस सगळ्यांसमोर आक्कापुढं टाकायची म्हणून. आमचं बोलणं बंद झालं ते झालंच.

तर लेंट. आमच्याकडं लेंटमध्ये बुधवारी कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, असते, दर आठवड्याला वेगळ्या घरी. पाळकसाहेबांनी प्रत्येकाला एकेक शास्त्रपाठ वाटून दिला आणि मला आला बायबलातला लूक ७, शिमोन परूश्याच्या, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या एका धार्मिक माणसाच्या, घरचं जेवण. हा भाग मला पाठ होता असं मला वाटायचं. गावात पापी म्हणून ओळखली जाणारी एक बाई येते, अलाबास्त्र दगडाची कुपी घेऊन, प्रभू येशूच्या पायांशी रडते, केसांनी पाय पुसते, सुगंधी तेल लावते. शिमोन मनात म्हणतो की हा खरा संदेष्टा असता तर ही कसली बाई आहे हे त्याला कळलं असतं. मग प्रभू त्याला दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो, एकाला ५०० दिनार देणं, एकाला ५०, दोघांकडंही फेडायला काही नव्हतं म्हणून सावकारानं दोघांनाही सोडलं, तर जास्त प्रीती कोण करेल.

तयारी करताना मी दोन गोष्टींवर अडकले. एक म्हणजे "फेडायला दोघांकडंही काही नव्हतं". मी आजवर हे वाक्य वाचून पुढं जायचे. ५० वाला ५०० वाल्यापेक्षा बरा, एवढंच डोक्यात राहायचं. पण खात्याच्या भाषेत बघितलं तर ज्याच्याकडं द्यायला काहीच नाही त्याची बाकी ५० असली काय नि ५०० असली काय, तो बुडालेलाच. शिमोनाला हे माहीतच नाही. त्याला वाटतंय तो यजमान आहे. आणि दुसरं म्हणजे प्रभूनं त्याला सांगितलेल्या बारीक बारीक गोष्टी: तू मला पाय धुवायला पाणी दिलं नाहीस, माझा मुका घेतला नाहीस, डोक्याला तेल लावलं नाहीस. आपल्याकडं खेड्यात अजूनही दारात आलेल्याला आधी पायावर पाणी देतात, न दिलं तर त्याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला लागत नाही. शिमोनानं शिवी दिली नव्हती, भांडण काढलं नव्हतं, फक्त प्रेम कमी पडलं होतं. आणि प्रभू त्याचं कारण सांगतो की ज्याला थोड्याची क्षमा होते तो थोडी प्रीती करतो.

इथं एक गोंधळ होतो, आमच्या मीटिंगमध्येही झाला. "हिच्या पापांची क्षमा झाली कारण हिनं फार प्रीती केली" हे वाक्य वाचून एका काकूंनी विचारलं, म्हणजे आपण जास्त प्रेम केलं की देव क्षमा करतो का. तसं असतं तर ती मजुरी झाली असती, क्षमा नव्हे. गोष्ट नीट बघितली तर क्रम सरळ आहे, आधी कर्ज सुटलं, मग प्रीती आली. बाईचं रडणं नि तेल ही तिनं मोजलेली किंमत नव्हती, तिला आत काय मिळालंय ते त्यातनं बाहेर दिसत होतं. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो कारण माझं पुढचं सगळं ह्यावरच उभं आहे. मी कित्येक वर्षं प्रेम "करायचा" प्रयत्न करत होते, दात ओठ खाऊन, आणि ते आक्कापर्यंत कधी पोचतच नव्हतं.

मीटिंगला आमच्यात एक रिक्षावाले मामा येतात. आधी मटक्याच्या चिठ्ठ्या घ्यायचे, दारू, घरच्यांचे हाल, सगळं त्यांचं ते स्वतःच सांगतात. मंडळीत येऊन त्यांना फार वर्षं झालेली नाहीत. म्हाताऱ्या बायकांना चर्चला आणणं-सोडणं फुकट करतात, प्रीतिभोजनाची मोठी पातेली घासायला कुणाला हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मी शिमोनाचं समजावून सांगून झाल्यावर मामा एवढंच म्हणाले, "ताई, मला तर रोज सकाळी उठलं की आश्चर्यच वाटतंय, की मला आत घेतलंय." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आठवेना की मला शेवटचं असं आश्चर्य कधी वाटलं होतं. मला वाटायचं मी जन्मल्यापासून आतच आहे.

मी पाळकसाहेबांना जाऊन हे सांगितलं, आक्काचंही सांगितलं. त्यांनी आक्काबद्दल काहीच सल्ला दिला नाही, ते नंतर बघू म्हणाले. रोज रात्री करायला एक गोष्ट दिली. आधी स्तोत्र ५१ मोठ्यानं वाचायचं, दावीद राजानं बथशेबा ह्या दुसऱ्याच्या बायकोशी केलेलं पाप नाथान संदेष्ट्यानं त्याला तोंडावर सांगितल्यावर त्यानं केलेली ती प्रार्थना. मग त्या दिवसातलं नेमकं काय ते देवापुढं बोलायचं, "मी पापी आहे" असं मोघम नाही, आज कुणाशी काय बोलले, कुणाला टाळलं, मनात काय होतं. त्यानंतर १ योहान १:९ मोठ्यानं वाचायचं, "जर आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील", आणि त्याबद्दल आभार मानायचे. आणि ह्या सगळ्याच्या शेवटी ज्याच्याबद्दल मनात आहे त्याचं फक्त नाव घ्यायचं. क्रम बदलायचा नाही म्हणाले.

सुरुवातीला काही सापडायचंच नाही. दिवसभर कामावर होते, घरी आले, स्वयंपाक केला, ह्यात पाप कुठलं. मग हळूहळू न केलेल्या गोष्टी दिसायला लागल्या. ऑफिसातल्या नव्या पोरीला एंट्री चुकल्यावर मी जो आवाज लावला तो. शेजारच्या वैनींची तब्येत विचारायची राहिली असं नाही, विचारायची नव्हतीच. आणि मग एका रात्री आईचं आलं. मी आईचं केलं ते मनापासून केलं, त्यात शंका नाही, पण त्यातला एक भाग असा होता की मी जेवढं जास्त करेन तेवढी आक्का लहान दिसेल. आईचं अंग पुसतानासुद्धा माझ्या मनात आक्काशी भांडण चालू असायचं. हे कुणालाच माहीत नव्हतं, वहीत तर नव्हतंच.

त्यानंतर काही दिवस वाईट गेले. रोज रात्री खोदत बसायचं आणि रोज काहीतरी निघायचं, झोप उडाली, चेहरा पडला. मला वाटलं हीच नम्रता. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, तुम्ही अर्ध्यावर थांबताय. पापं वाचताय नि क्षमेचं वचन घाईत उरकताय." मग त्यांनी प्रभूच्या दोन शिष्यांचं, पेत्राचं आणि यहूदाचं सांगितलं. दोघांनीही प्रभूला दगा दिला, दोघांनाही पस्तावा झाला, यहूदा स्वतःचा निवाडा स्वतःच करून, गळफास घेऊन मोकळा झाला आणि पेत्र मात्र परत प्रभूसमोर आला. पेत्रानं आपण प्रभूला ओळखतच नाही म्हणून नाकारलं तेव्हा महायाजकाच्या अंगणात कोळशाचा विस्तव होता आणि योहानाच्या २१ व्या अध्यायात समुद्राकाठी प्रभूनं त्याला न्याहारीला बोलावलं तिथंही कोळशाचाच विस्तव आहे. तिथं प्रभू त्याला एवढंच विचारतो, "तू माझ्यावर प्रीती करतोस काय?", तीनदा, आणि दर वेळी मेंढरं सांभाळायला देतो. नाकारल्याचा हिशोब मागत नाही. मला हे फार लागलं. स्वतःला किती वाईट समजतो ह्यावर नम्रता मोजायची नाही हे तेव्हा कळलं, कारण त्यातही मीच मध्यभागी होते, आधी चांगली म्हणून आणि आता वाईट म्हणून. क्षमा झालेलं माणूस स्वतःवरनं नजर काढू शकतं, त्याला परत परत स्वतःची बाजू मांडायची गरज उरत नाही.

प्रेषित पौलाच्या पत्रांतही हे दिसतं. करिंथकरांस लिहिताना तो स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो, इफिसकरांस लिहिताना सर्व पवित्र जनांत लहानाहून लहान, आणि तीमथ्याला लिहिताना पाप्यांमध्ये मी मुख्य. पत्रं साधारण ह्याच क्रमानं धरतात. म्हणजे माणूस जसजसा वयानं, विश्वासानं वाढत गेला तसतसा स्वतःच्या अंदाजात खाली खाली गेला, आणि तरी त्याच्या पत्रांत रडगाणं कुठं नाही, उलट आनंद वाढतच जातो.

मग मी मत्तय १८ काढला, कारण क्षमा न करणाऱ्या दासाची गोष्ट मला हिशोबानं बघायची होती. राजानं त्याचं मोठं देणं सोडलं आणि त्यानं मात्र सोबत्याकडचं छोटं येणं सोडलं नाही, ती. एक दिनार म्हणजे साधारण मजुराची एका दिवसाची मजुरी, द्राक्षमळ्याच्या दाखल्यात तेवढीच ठरलेली आहे. एक टॅलंट साधारण ६००० दिनारांचं. त्या दासाचं देणं १०००० टॅलंट, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी, वर्षाला ३०० दिवस कामाचे धरले तर २ लाख वर्षं. आणि त्याच्या सोबत्याकडनं त्याचं येणं १०० दिनार. आपल्याकडच्या ५०० रुपये रोजानं धरलं तर एकीकडं ३००० कोटी आणि एकीकडं ५० हजार. ५० हजार म्हणजे काही किरकोळ नव्हे. कुणी माझे ५० हजार बुडवले तर मला झोप येणार नाही. प्रभू असं म्हणत नाही की तुझं येणं खोटं आहे किंवा फालतू आहे. आक्कानं माझ्यावर जो आळ घेतला तो खरंच अन्याय होता आणि आजही मी त्याला अन्यायच म्हणते. फक्त तो माझ्यासाठी जगातला सगळ्यात मोठा आकडा होता, आणि तो तसा राहिला नाही.

अजून एक, हे मला कामामुळं जास्त कळलं असेल. आमच्याकडं एखादी पार्टी बुडाली की ते येणं बुडीत खाती टाकतात, पण म्हणून ते पैसे हवेत जात नाहीत. कास्टिंगला लोखंड लागलं, वीज लागली, मजुरी गेली, ते सगळं मालकाच्या नफ्यातनं कापलं जातं. कुणीतरी सोसतंच. राजानं दासाला सोडलं म्हणजे ३००० कोटी राजानं सोसले. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडं बारा ते तीन सप्तशब्दांची, म्हणजे प्रभूनं वधस्तंभावरनं काढलेल्या सात उद्गारांची, उपासना असते, आणि त्यातला पहिला शब्द "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही". दरवर्षी ऐकते. ह्या वेळी ध्यानात आलं की तेव्हा खाली उभं असलेल्यांपैकी कुणी माफी मागितलेली नव्हती, खिळे ठोकणारे तर चिठ्ठ्या टाकून कपडे वाटून घेत होते. मी तीन तास बसून होते आणि मला आक्काची आठवण एकदाच आली, ती पण रागानं नाही.

मध्येच एक सांगायलाच पाहिजे. आमच्या मीटिंगला एक तरुण बाई येते, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. तिनं विचारलं, मग मी परत जायचं का, क्षमा करायची म्हणजे. तिथं बसलेल्या सगळ्या जुन्या बायका एका आवाजात नाही म्हणाल्या आणि मला त्याचा आनंद झाला. मनातला सूड सोडणं वेगळं आणि मार खायला परत जाणं वेगळं. पोलिसात तक्रार देऊनसुद्धा माणसाबद्दल मनात वैर न ठेवता राहता येतं. क्षमेच्या नावाखाली बायकांना गप्प बसवणं आपल्या मंडळ्यांत झालेलं आहे, ते प्रभूच्या शिकवणुकीत कुठं बसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ईस्टरनंतर मी इचलकरंजीला गेले. कळवलं नव्हतं. वही नेली नाही, फाडलीही नाही, हिशोब हा हिशोब आहे, तो कपाटात आहे. आक्कानं दार उघडलं, बघतच राहिली, मग म्हणाली, "काय गं, वही दाखवायला आलीस व्हय?" तिला वहीचं कुणीतरी सांगितलं होतं. मी म्हटलं, "न्हाई आक्का, तुला बघायला आले." बाजूच्या शेडात यंत्रमाग चालू होते, त्या आवाजात आम्ही दोघी बराच वेळ काही बोललोच नाही, तिनं भाकरी टाकल्या, मी कांदा चिरून दिला. जेवताना मी तिला सांगितलं की आईचं करताना माझ्या मनात तुझ्याबद्दल वाईट होतं, त्याची मला क्षमा कर. ती गप्प झाली. पेन्शनचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला आई तशी बघवत नव्हती, म्हणून येत नव्हते." मला हे इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

ती माझी माफी मागेल असं मला वाटत होतं का, तर हो, जाताना एसटीत वाटत होतं थोडं. तिनं मागितली नाही. आणि पुढं मे महिन्यात एका लग्नात मावशीनं माझ्या कानात सांगितलं की आक्का परवा परत तेच बोलली, पेन्शनचं. अंगातनं आग गेली. जेवणाच्या पंगतीतनं उठून जावंसं वाटलं. भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्रानं विचारल्यावर प्रभू साताच्या सत्तर वेळा का म्हणाला असेल ते मला त्या मांडवात बसून कळलं. मी आजवर समजत होते की ते वेगवेगळ्या अपराधांबद्दल असणार, पण तीच गोष्ट, तोच आळ, पुन्हा पुन्हा सोडायला लागतो. त्या रात्री परत तोच क्रम, स्तोत्र ५१, माझा दिवस, वचन, आभार, आणि शेवटी आक्काचं नाव. नाव घेताना आवाज नीट निघाला नाही, तरी घेतलं. क्रम का बदलायचा नाही ते आता मला पक्कं कळलंय. आक्कापासनं सुरुवात केली की मी न्यायाधीश होऊन बसते, माझ्यापासनं सुरुवात केली की तिच्यापर्यंत येईतोवर आम्ही दोघी एकाच बाजूला उभ्या असतो, फेडायला काही नसलेल्या.

बाकी बदल बारीक आहेत. ऑफिसातल्या त्या पोरीला मी शेजारी बसवून जीएसटीचं रिटर्न भरायला शिकवलं. प्रीतिभोजनाला मामांच्या शेजारी पातेली घासायला बसते, पहिल्यांदा त्यांनी हात लावू दिला नाही, मग म्हणाले बसा ताई. आणि प्रभुभोजनाच्या वेळी भाकर हातात आली की मला आता घाई होत नाही.

आक्काचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, मिरजेला. तिचा मुलगा पुण्यात, त्याला जास्त सुट्टी नाही, म्हणून मी रजा टाकलीय. डिस्चार्ज मिळाल्यावर ती काही दिवस माझ्याकडं राहायला येतेय, तिनं स्वतःच फोन करून विचारलं, येऊ का गं. तिची शुगर जरा वर आहे म्हणून डॉक्टर थांबलेत, ती खाली यावी म्हणून प्रार्थनेत आठवण ठेवा. सर्वांना सलाम.